झालरीचे पंख

४ ऑक्टोबर, शुक्रवार

मॅडमनी मला एक वही दिली आहे. कडक पुठ्ठ्याची, पानांवर आकडे छापलेली. तिच्यात तारीख, जागा, वारा, पाणी आणि काय सापडलं एवढंच लिहायचं. "मनातलं काही नको त्यात, म्हाळसाताई," असं म्हणाल्या. म्हणून येताना दौंडच्या स्टँडसमोर मी ही दुसरी वही घेतली. मनातलं हिच्यात.

मी म्हाळसा रखमाजी कोळपे. वय एकोणचाळीस. सासर सोडून आठ वर्षं झाली, घरी मी आणि आबा दोघंच. अकरा वर्षं रांजणगावला एका कंपनीत गाड्यांच्या दिव्यांच्या काचा तपासल्या. डोक्यावर ट्यूब, हातात काच, दहा सेकंदांत सांगायचं, ओके का रिजेक्ट. केसाएवढा चरा, मोहरीएवढा बुडबुडा. जूनमध्ये लाइनवर कॅमेरा बसला आणि आम्हा नऊ जणींना हार घालून घरी पाठवलं. तेव्हापासून नुसती बसले तरी माझा अंगठा काच फिरवल्यासारखा फिरत राहायचा.

डॉ. भाग्यश्री ओव्हाळ दौंडच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहानच असतील. घोड आणि भीमा या दोन नद्यांत कोणते किडे अजून टिकून आहेत याची पाहणी त्यांच्याकडे आहे. इनामगावच्या बाजूला नदीकाठी राहणारं, बारीक नजरेचं माणूस त्यांना हवं होतं. त्यांनी भिंगाखाली दोन पंख ठेवले आणि विचारलं, "काय फरक दिसतो?" मी अकरा फरक सांगितले. त्यांनी स्वतः आठ काढले होते.

आबांना सांगितलं तर म्हणाले, "पंख बघायचं काम? बघून काय करायचं?"

"त्या माशीचं नाव ठरवायचं."

"आजवर बिननावाची उडत व्हती व्हय ती?" असं म्हणून हसले, आणि हसता हसता त्यांना ठसका लागला.

९ ऑक्टोबर, बुधवार

दिवसभर लॅबमध्ये होते. मेफ्लाय म्हणतात या माशीला. आमच्याकडे हिला वेगळं नावच नाही, दिव्याला येणारं पाखरू एवढंच. ही महिनोन्‌महिने पाण्यात दगडाखाली राहते. मग एका संध्याकाळी वर येते, पाठीवरची कातडी फाटते आणि पंख निघतात. त्यानंतर एखाद-दुसरा दिवस. तेवढ्यात जोडी जमवायची, पाण्यात अंडी सोडायची, संपलं. पंख आल्यावर ती काही खात नाही. तिला खायला तोंडच उरलेलं नसतं, पोटात नुसती हवा असते. मॅडम हे सगळं अगदी साध्या आवाजात सांगत होत्या आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघत बसले.

नाव ठरवायला पंखांना चार प्रश्न विचारायचे. पुढचा पंख मोठा, तिकोनी. त्याच्यामागे नखाच्या कातरणाएवढा छोटा पंख आहे का? असला तर त्याला वरच्या बाजूला काटा आहे का? पंखाच्या बाहेरच्या कडेला, कशालाच न जोडलेल्या बारीक सुट्ट्या शिरा असतात, त्या एकेकट्या आहेत की जोडीजोडीनं? आणि पंखाच्या मागच्या काठाला केसांची झालर आहे का? बस. एवढ्यावर घराणं कळतं.

एक सावधगिरी मात्र आहे. या माशीला पंख दोनदा येतात. पहिले धुरकट, झालर असलेले. ते घेऊन ती कुठंतरी रात्रभर गप्प बसते आणि सकाळी पुन्हा कात टाकते, पंखांवरचीसुद्धा. मग खरे, काचेसारखे पंख. पंख आल्यावर पुन्हा कात टाकणारा दुसरा जीव नाही म्हणे. धुरकट पंखांवरून नाव ठरवायचं नाही. म्हणून पंख स्वच्छ की धुरकट हे नदीवरच, माशी जिवंत असताना लिहायचं. बाटलीतल्या स्पिरिटमध्ये भिजले की सगळेच स्वच्छ दिसतात.

घरी यायला साडेसहा झाले. आबांनी भाकरी दुधात कुस्करून खाल्ली. एकदा त्यांच्या दातांचं बघायला हवं.

१३ ऑक्टोबर, रविवार

आज पहिल्यांदा नदीवर गेले. आबा म्हणाले, मी पण येतो. त्यांनीच त्यांचं जुनं पांढरं धोतर दिलं. दोन बाभळींच्या मध्ये ते ताणून बांधलं, त्याच्यापुढे सोलरचा दिवा ठेवला.

मी घाई करत होते. आबा म्हणाले, "आत्ता न्हाई यायची. वारा पडू दे. त्या समोरच्या उसाकडं बघ, त्याचं पान हालायचं थांबलं की समज."

आबांनी तीस वर्षं मेंढरं वळली. दिवाळी झाली की घाट उतरून कोकणात, पाऊस तोंडावर आला की परत. आईसुद्धा त्या वाटेवरच गेली. मेंढरं विकून बारा वर्षं झाली तरी आबा वाऱ्याचं असं बोलतात, जसं कुणी शेजाऱ्याचं बोलावं.

उसाचं पान थांबलं. नदीवर संध्याकाळचा उजेड तुकड्या-तुकड्यांनी तरंगत होता, आणि मला वाटलं की ते तुकडेच पाण्यावरून सुटून वर यायला लागले. आवाज अजिबात नाही. वर जातात, पंख थांबवून खाली तरंगतात, पुन्हा वर. हजार पडदे एकदम श्वास घेतायत असं. धोतरावर येऊन बसल्या तेव्हा प्रत्येकीचे पंख पाठीवर सरळ उभे, हात जोडल्यासारखे. मी वही उघडून एकेकीचं लिहिलं, स्वच्छ, स्वच्छ, धुरकट, स्वच्छ. आबा दगडावर बसून होते. मी किती वेळ लिहीत होते मला कळलंच नाही. वर बघितलं तेव्हा ते माझ्याकडे बघत होते, नदीकडे नाही.

"काय झालं, आबा?"

"काय न्हाई. तू लहानपणी कोकरं अशी बघायचीस."

१७ ऑक्टोबर, गुरुवार

काल कोजागिरी. दूध आटवलं. आबा दोन पेले प्यायले, दुसरा मागून घेतला. म्हणाले, "दुधाचं बरं असतंय, आपलं आपण उतरतं." खूप दिवसांनी त्यांनी काही मागून घेतलं. बरं वाटलं.

डोळे मिटले की शिरा दिसतात. झोपताना छताच्या पत्र्यावरसुद्धा दिसतात.

२३ ऑक्टोबर, बुधवार

काल संध्याकाळी डोहापाशी गेलो होतो. तिथं कधी न पाहिलेली झुंबड उठली. लहान, अगदी तांदळाच्या दाण्याएवढ्या माशा. धोतर दिसेनासं झालं. मी चिमट्यानं एकेक उचलून बाटलीत टाकत होते, वही अजून पिशवीतच होती, म्हटलं आधी पकडू, मग लिहू. एवढ्यात मागून आवाज आला. आबांना ठसका लागला होता. कोरड्या भाकरीचा तुकडा तोंडात टाकला होता त्यांनी, तो अडकला. डोळे पांढरे झाले. मी पाठीत गुद्दे घातले, पाणी पाजलं, ते पाणीही नाकातोंडातून बाहेर आलं. शेवटी तुकडा पडला. मग कसलं लिहिणं. बाटल्यांना बुचं लावली आणि आबांना गाडीवर मागे बसवून घरी आणलं.

"घाईघाईनं खाल्लं मी," आबा म्हणाले. "आता न्हाई खात कोरडं."

आज लॅबमध्ये त्या बाटल्यांची लेबलं भरली. एकूण एकशे बारा माशा. पंखांच्या रकान्यात काय लिहावं? बाटली उजेडात धरून बघितली. स्वच्छ दिसले. स्वच्छ लिहिलं.

कंपनीत चेकशीट नंतर भरणाऱ्याला सुपरवायझर लाइनवरून उठवायचा. पण हे काही कंपनीचं काम नाही, आणि माझ्या नजरेवर माझा भरवसा आहे.

२६ ऑक्टोबर, शनिवार

आज मॅडमनी मला चक्क मिठी मारली.

डोहावरच्या त्या बारीक माशा. मॅडम भिंगाला डोळा लावून बसल्या त्या उठेचनात. मग पुस्तकं काढली, मग परत भिंग. मला बोलावलं. "ताई, ज्यांना झालर असते त्यांना मागचा पंख नसतो. ज्यांना मागचा पंख असतो त्यांना झालर नसते. असं आपल्याकडचं प्रत्येक पुस्तक सांगतं. आणि ह्यांना बघा. मागचा पंख आहे, त्याला काटाही आहे. आणि झालरसुद्धा आहे."

मी बघितलं. झालर होती. पापण्यांसारखी.

मॅडमचा आवाज एकदम खाली आला. "मला एकच सांगा. पकडल्या तेव्हा ह्या धुरकट नव्हत्या ना? नदीवर बघितलंत ना तुम्ही?"

"लेबलवर आहे तसं," मी म्हणाले. "स्वच्छ."

तोंडातून पटकन निघून गेलं. मॅडमनी डोळे मिटले, उघडले, आणि मिठी मारली. आजवर कुणी न नोंदवलेली जात असेल, असं त्यांना वाटतं. डिसेंबरात पुण्याला परिषद आहे, तिथं निबंध वाचायचा. त्यावर दोन नावं, त्यांचं आणि माझं.

गाडीवरून येताना काष्टीपर्यंत मी काहीबाही गुणगुणत होते. खरंच स्वच्छ असणार ते. मला चरा चुकत नाही, धूर चुकेल?

३ नोव्हेंबर, रविवार

भाऊबीज. मला भाऊ नाही, म्हणून दर वर्षी आबांनाच ओवाळते. यंदा ताटात बघितलं तर चकली, कडबोळं सगळं तसंच. "मला नगं, तू खा. तुझ्या मॅडमला ने." करंजीतलं सारण तेवढं चमच्यानं खाल्लं. सदरा खांद्यावरून उतरतोय त्यांचा, धोतराची गाठ सारखी सैल होते. म्हातारपणी माणूस आटतंच. मी सदरा दोन्ही बाजूंनी आत घेऊन शिवून दिला.

सरपंच सोपानरावांना कुठून कळलं कोण जाणे. पाराजवळ फ्लेक्स लागला आहे. माझा आधार कार्डावरचा फोटो मोठा करून, मागे आकाश, आणि एका कोपऱ्यात फुलपाखरू. मेफ्लायचं चित्र त्यांना मिळालं नाही म्हणे. "नव्या माशीचा शोध लावल्याबद्दल आपल्या गावची कन्या म्हाळसाताई यांचे हार्दिक अभिनंदन!" मी लाजेनं मान वर केली नाही. आबा मात्र रोज संध्याकाळी काठी टेकत तिथवर जातात, फ्लेक्ससमोर थोडा वेळ उभे राहतात आणि परत येतात. वाचता येत नाही त्यांना. फोटोकडे बघतात.

मॅडम म्हणाल्या, नवी जात ठरली तर नाव आपणच सुचवायचं. मी विचारलं, नदीचं नाव देता येईल का? "का नाही?" म्हणाल्या.

१० नोव्हेंबर, रविवार

पहाटे स्वप्न पडलं. मी कंपनीच्या लाइनवर बसले होते आणि पट्ट्यावरून काचांऐवजी पंख येत होते. दाराएवढे मोठे, एकामागून एक. त्यांच्यातून पलीकडचं दिसत होतं, पण थरथरत, पाण्यातून बघावं तसं. पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला आबा उभे होते. प्रत्येक पंख हातात घेऊन उजेडाला धरायचे आणि माझ्याकडे बघून मान हलवायचे. ओके का रिजेक्ट, ते मला कळत नव्हतं.

उठले तर आबा खरंच जागे होते, ओट्यावर बसून. हल्ली आडवं झालं की घशाशी येतं म्हणतात. मी ओवा दिला.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

काल संध्याकाळी आबांनी हाक मारली. "म्हाळसे, तुझं एक पाखरू दारात दिव्याखाली बसलंय. झाकून ठिवलंय बघ." ओट्यावर काचेचा पेला पालथा घातला होता. आत एक बारीक माशी. डोहावरच्यासारखीच. पंख धुरकट, काठाला झालर. म्हटलं सकाळी बघू.

आज सकाळी उजाडताना पेल्याशी गेले. आत दोन माशा होत्या.

एक जिवंत. पंख असे स्वच्छ की आधी मला ते दिसलेच नाहीत, नुसत्या शिरा हवेत उभ्या आहेत असं वाटलं. झालर नाही. काठ अगदी साफ. आणि तिच्याशेजारी दुसरी, पोकळ. पाय, पाठ, शेपटीचे दोरे, पंखांचे सुरकुतलेले पापुद्रे, सगळं जागच्या जागी, फक्त आत कुणी नाही. भिंग आणलं. पोकळ पापुद्र्याच्या काठाला झालर होती. पापण्यांसारखी.

मी ओट्यावर बसून राहिले. ऊन आलं तरी बसून राहिले. जिवंत माशीचे पंख भिंगातून बघितले, चारही प्रश्न विचारले. मागचा पंख आहे, काटा आहे, कडेच्या शिरा जोडीजोडीनं. ही आमच्या घोड नदीत ढिगानं सापडणारी जात आहे. पहिल्या आठवड्यातच मी तिच्या तीस बाटल्या भरल्या होत्या.

डोहावरच्या एकशे बारा माशा म्हणजे हीच, कपडे बदलायच्या आधीची. त्या संध्याकाळी त्या धुरकट होत्या. मी बघितलं नव्हतं.

१६ नोव्हेंबर, शनिवार

निबंध वीस तारखेला पाठवायचा आहे.

हे कुणाला माहीत आहे? मला. पेल्यातली माशी काल दुपारीच मेली. तिचा पापुद्रा फुंकर मारली तरी उडेल. मॅडमनी विचारलं होतं आणि मी स्वच्छ म्हणाले होते, त्यामुळे आता पुन्हा विचारणार नाहीत. पुढं कधी कुणी दुसऱ्यानं नदीवर येऊन बघितलं तरच कळेल. येईल कुणी? आमच्या डोहावर?

असा विचार मी केला. दिवसभर केला. लिहायची लाज वाटतेय, पण ही वही मनातलं लिहायलाच घेतली आहे.

संध्याकाळी आबांना सगळं सांगितलं. त्यांच्यासमोर पेजेची वाटी तशीच होती. त्यांनी ती बाजूला सारली. मग म्हणाले, "एकदा माणगावच्या अंगाला दुसऱ्याचं मेंढरू आपल्या कळपात शिरलं. चांगलं, दोन दातांचं. मी गप बसलो. तीन दिस. चवथ्या दिवशी मागं चालत गेलो आन् देऊन आलो."

"त्यानं काय म्हटलं?"

"शिव्या घातल्या. तीन दिस काय करत व्हतास म्हणला."

"मग?"

"मग काय. त्या दिवशी गाढ झोपलो."

१८ नोव्हेंबर, सोमवार

सांगितलं.

मेलेली माशी, पापुद्रा, सगळं डबीत घालून नेलं होतं. मॅडमनी भिंगातून बघितलं आणि त्यांना दोन मिनिटांत कळलं. खुर्चीत मागं टेकल्या. खिडकीबाहेर मालगाडी जात होती, तिचे डबे संपेपर्यंत तिकडेच बघत राहिल्या.

"मी तुम्हाला विचारलं होतं, ताई. तोंडावर विचारलं होतं."

"हो."

"मी प्राचार्यांना सांगून बसले. परिषदेला कळवलं. आता काय सांगू, माझ्या माणसानं न बघता लिहिलं?"

"तसंच सांगा, मॅडम. माझं नाव घेऊन सांगा."

त्या रागानं लाल झाल्या होत्या. मी त्यांना इतकं रागावलेलं पाहिलं नव्हतं. "तुम्ही! एवढी नजर असलेलं माणूस! नदीवर का नाही लिहिलंत?"

मी सांगितलं. आबांना ठसका लागला, भाकरीचा तुकडा अडकला, पाणीसुद्धा बाहेर आलं.

मॅडम काहीतरी बोलायला तोंड उघडत होत्या, त्या थांबल्या.

"पाणी बाहेर आलं? तेव्हा पहिल्यांदाच अडकलं होतं?"

"तसं मोठं पहिल्यांदाच. पण भाकरी दुधात कुस्करूनच खातात. दातांमुळे."

"कधीपासून?"

"दसऱ्याआधीपासून असेल."

"आणि आता काय खातात?"

"पेज. दूध. कधी तेही राहतं."

"वजन?"

मी सदरा शिवल्याचं सांगायला लागले. माझंच बोलणं मला ऐकू आलं. एकेक प्रश्न, एकेक उत्तर, आणि खाली दुखण्याचं नाव स्पष्ट लिहिलेलं.

मॅडमनी फोन उचलला. त्यांच्या ओळखीच्या डॉक्टरांशी बोलल्या. शुक्रवारची वेळ घेतली. मग फोन ठेवून म्हणाल्या, "माझा राग गेलेला नाही. पण आबांना शुक्रवारी घेऊन या."

घरी येऊन ही वही पहिल्या पानापासून वाचली. सगळं लिहिलंय, माझ्याच अक्षरात, तारखेसकट. भाकरी, मग दूध, मग पेज. इतकी चांगली नोंद मी नदीचीसुद्धा ठेवलेली नाही.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी सोपानरावांना जाऊन सांगितलं, फ्लेक्स काढा. ते म्हणाले, "राहू दे गं. माशी नवी का जुनी, कुणाला कळतंय? फोटो तर झकास आलाय."

मग मीच स्टुलावर चढून दोऱ्या कापल्या. खाली चहा पिणारी माणसं बघत होती. घरी आणला तर आबा म्हणाले, "टाकू नगस. शेरडांच्या गोठ्याला आडोसा व्हईल." आता शेळ्यांना वारा लागत नाही. आत गेलं की माझं तोंड उलटं दिसतं.

रात्रीच्या पेजेला बसलो तेव्हा विचारलं, "आबा, मला सांगितलं का नाही?"

"काय सांगायचं?"

"गिळता येत नाही ते."

ते वाटीकडे बघत राहिले. "कंपनीतनं आल्यापासून तू भिताडाकडं बघत बसायचीस. मग त्या पंखांत रमलीस. घरात गुणगुणाय लागलीस. म्हटलं, चाललंय ते चालू द्यावं." मग म्हणाले, "भाकर मी शेळीला घालायचो. तिची तब्येत बघ कशी झालीय."

आम्ही दोघंही हसलो. नंतर मी मोरीत जाऊन तोंड धुतलं.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

घशातून दुर्बीण घातली. डॉक्टरांनी मला पडद्यावर चित्र दाखवलं. अन्ननलिकेच्या खालच्या भागात वाट अरुंद झाली आहे. मी कडा बघितल्या. एका बाजूची कड गुळगुळीत होती, दुसरी खडबडीत, उंचावलेली. मी बोट ठेवून विचारलं, "ही बाजू अशी का?"

डॉक्टरांनी माझ्याकडे नीट बघितलं. "तुम्ही कुठं काम करता?"

तुकडा तपासायला पाठवला आहे. आठवडा लागेल.

मॅडम दवाखान्यात आल्या होत्या. माझ्याशी बोलल्या नाहीत. आबांच्या शेजारी बसून त्यांना नदीवरच्या वाऱ्याबद्दल विचारत होत्या. आबा हातवारे करून सांगत होते आणि त्या लिहून घेत होत्या.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

कॅन्सर.

ऑपरेशन त्यांच्या वयाला आणि आताच्या तब्येतीला झेपायचं नाही. पुण्याला नेऊन अरुंद जागेत जाळी बसवायची, म्हणजे वाट उघडी राहील. मग जमेल तसा किरणांचा शेक द्यायचा. किती दिवस, ते कुणी सांगत नाही. मी विचारलं, महिना का वर्ष? डॉक्टर म्हणाले, दोन्ही शक्य आहे. दीड महिन्यापूर्वी आणलं असतं तर वेगळं झालं असतं का, हेही विचारलं. "फार नाही," ते म्हणाले. पटकन म्हणाले. खरं का माझ्यासाठी, ते मला त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखता आलं नाही.

मॅडमना फोन करून सांगितलं आणि म्हटलं, माझ्या जागी दुसरं कुणी बघा. मग त्या म्हणाल्या, "त्या एकशे बारा माशांची लेबलं बदलायची आहेत. ती मी दुसऱ्या कुणाला बदलू देणार नाही. आबांचं उरकलं की या."

आबांना बसमधून आणताना मी खिडकीची जागा दिली. दौंडचा पूल ओलांडताना त्यांनी विचारलं, "वंगाळ हाय का?"

मी हो म्हणाले. नदीवर लिहायचं असतं तसं, जिवंत असताना, जसं दिसलं तसं.

त्यांनी माझा हात घेऊन आपल्या मांडीवर ठेवला आणि काष्टी येईपर्यंत बाहेर उसाचे ट्रॅक्टर बघत बसले.

४ डिसेंबर, बुधवार

काल पुण्यात जाळी बसवली. आज घरी सोडलं. घोटभर पाणी प्यायले, सरळ खाली गेलं. आबांनी मान वाकडी करून ऐकल्यासारखं केलं, जणू विहिरीत खडा टाकलाय. मग दुसरा घोट.

संध्याकाळी ओट्यावर अंथरूण घालून दिलं. समोरच्या उसावर धुकं उतरत होतं. दिव्याखाली पाच-सहा पाखरं आली, धुरकट पंखांची, आणि भिंतीला चिकटून गप्प बसली. मी उठून दिवा बारीक केला. आबा झोपी गेले होते. त्यांच्या छातीवर सदरा वरखाली होत होता आणि भिंतीवर पंख जराही हलत नव्हते. मला कितीतरी वेळ तसंच बसावंसं वाटलं. कुणाचंही नाव ठरवायचं नव्हतं.

७ डिसेंबर, शनिवार

आज चंपाषष्ठी. सकाळी खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला. चातुर्मास संपल्यावरचं हे पहिलं वांगं. चुलीत भाजून, साल काढून, मी ते हातानंच कुस्करलं, एकही तार राहू दिली नाही. मिरची टाकली नाही, कांदा नाही, तेलाचा नुसता थेंब. रोडगा कुत्र्याला आणि मला.

मॅडम अकराच्या सुमारास आल्या. पहिल्यांदाच घरी आल्या. हातात बदललेल्या लेबलांचा गठ्ठा, सही करायला. चुलीशेजारी पाटावर बसल्या आणि म्हणाल्या, "आधी जेवू, मग सह्या." शेळ्यांच्या गोठ्यावर लावलेला फ्लेक्स त्यांनी येताना बघितला असावा, कारण त्या मध्येच एकट्या हसत होत्या. अजून पूर्वीसारखं बोलत नाहीत माझ्याशी. पण भरीत दोनदा घेतलं.

आबांसमोर वाटी ठेवली. त्यांनी चमचा नको म्हटलं. तीन बोटांनी एवढंसं उचललं, तोंडात ठेवलं. मी आणि मॅडम, दोघींचे घास हातातच राहिले. त्यांचा जबडा हलला, मग गळ्याची घाटी वर गेली, क्षणभर तिथंच थांबली, आणि खाली आली.

गेलं.

त्यांनी डोळे मिटले. दुसरा घास घेतला. तोही गेला. तिसरा. बाहेर कुणाच्या तरी घरातून हलगी वाजत होती, येळकोटाचा आवाज येत होता. आबांनी डोळे उघडून वाटीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मीठ कमी हाय गं," म्हणाले.

मी मीठ आणायला उठले.